थ्री-डी प्रिंटेड पार्टचे डिझाइन नियम कसे लिहून ठेवायचे, म्हणजे लागतील तेव्हा सापडतील

प्रिंटर येऊन वर्ष झालंय अशा कुठल्याही टूलरूममध्ये जा आणि विचारा की एम३ च्या ब्रास इन्सर्टला (प्लास्टिकमध्ये बसवायची, आत आटे असलेली पितळी बुशी) भोक किती ठेवता. तीन माणसं तीन आकडे सांगतील आणि गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतील, कारण एकजण पीएलए या प्लास्टिकचं सांगतोय, दुसरा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं, आणि तिसऱ्याचे इन्सर्टच वेगळ्या दुकानातून आलेत. आणि हे कुठे लिहून ठेवलंय तर व्हॉट्सॲप ग्रुपवर, "सर होल टाइट आलंय" अशा फोटोखाली, जो आता कितीही वर स्क्रोल केलं तरी सापडायचा नाही.

हे लिहितोय ते छोट्या टीमसाठी, म्हणजे दोन-चार डिझाइनर, एक-दोन ऑपरेटर, घरात एफडीएम मशीन (प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर टाकणारं) आणि नायलॉन किंवा मेटलचं काम बाहेरून करून घेणारे. उदाहरणं जिग-फिक्श्चरची (काम करताना पार्ट किंवा हत्यार जागेवर धरणारी साधनं) देतो कारण भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच युनिटमध्ये प्रिंटर याच कामाला जुंपलेला दिसतो, असेंब्ली फिक्श्चर, सॉफ्ट जॉ, गेज ठेवायचे होल्डर, ड्रिल गाइड वगैरे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी पीएलएम (पार्टची सगळी माहिती सांभाळणारी यंत्रणा) असतं, सॉफ्टवेअर असतं, वेगळा माणूस असतो. आपल्याकडे एक गूगल शीट आणि एक कपाट, तेवढ्यात भागतं, खरंच भागतं.

आकडा एकटा लिहायचा नाही

अख्ख्या गाइडमधली ही एकच गोष्ट पाळलीत तरी अर्धं काम झालं. "क्लिअरन्स (म्हणजे मोकळीक) ०.३ ठेवा" हे वाक्य म्हणजे रेसिपीत "मीठ चवीनुसार" लिहिल्यासारखं, ज्याला येतं त्याला गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याला उपयोग नाही. कुठल्या मशीनवर, कुठल्या नोझलने, कुठल्या मटेरियलमध्ये, पार्ट कसा ठेवून, सरकता फिट की दाबून बसवायचा, हे सगळं त्या आकड्याला चिकटून असायला हवं, नाहीतर तो आकडा सहा महिन्यांनी कुणीतरी ०.६ च्या नोझलवर वापरणार आणि मग "थ्री-डी प्रिंटचं काही खरं नाही" असं म्हणत परत ॲल्युमिनियमच्या ब्लॉककडे जाणार.

यात तीन थर वेगळे ठेवायचे. अमेरिकेतल्या निस्ट या मोजमाप-मानकांच्या संस्थेतल्या लोकांनी यावर काम केलंय आणि त्यांनी साधारण अशीच मांडणी केली, आधी मार्गदर्शक सल्ला, त्याच्यामागचं तत्त्व, आणि मग आकड्यातला नियम. ऐकायला पुस्तकी वाटतं पण कामाला जबरदस्त आहे. स्नॅप फिटचंच घ्या, म्हणजे वाकून खटकन अडकणारी क्लिप. सल्ला काय, तर "क्लिपचा हात बारीक आणि लांब ठेवा, आणि प्लेटवर आडवा झोपवून प्रिंट करा". तत्त्व काय, तर एका टोकाला धरलेल्या सरळ पट्टीत येणारा जास्तीत जास्त स्ट्रेन (मटेरियल किती ताणलं जातं ते) म्हणजे ३ × जाडी × वाकणं, भागिले २ × लांबीचा वर्ग, आणि दुसरं म्हणजे एफडीएमचा पार्ट लेअरच्या जोडावर सगळ्यात कमजोर, त्यामुळे लेअर हाताच्या लांबीत धावायला हवेत, आडवे कापणारे नकोत. आता १५ मिमी लांब, १.५ मिमी जाड हात १ मिमी वाकवायचाय तर स्ट्रेन येतो १ टक्का. लांबी २० केली की तोच ०.५६ टक्क्यावर येतो, कारण लांबीचा वर्ग आहे खाली. मग नियम काय, तर "आमच्या पीईटीजी प्लास्टिकमध्ये, झोपवून प्रिंट केलेल्या हाताला अमुक टक्क्यापर्यंत चालतं", आणि तो अमुक तुम्ही स्वतः क्लिपा तोडून काढायचा.

याचा फायदा कधी कळतो माहितीये का, मटेरियल बदललं की. आकडा रद्द होतो पण तत्त्व तसंच राहतं, आणि नव्या मटेरियलला नेमकं काय मोजायचं ते लगेच समजतं. ज्यांच्या शीटमध्ये फक्त आकडे असतात त्यांना दर वेळी शून्यापासून सुरुवात.

माल कुठून गोळा करायचा

इंटरनेटवरून चार्ट कॉपी करून सुरुवात करू नका. म्हणजे बघा जरूर, ४५ अंशांचा ओव्हरहँग (खाली आधार नसलेला तिरका भाग), मशीनवाल्यांचे मिनिमम वॉलचे तक्ते, हे सगळं सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीकच आहे, पण तुमच्या शीटमध्ये ते "ऐकीव" म्हणूनच जायला हवं.

खरा माल तीन ठिकाणी पडलेला असतो. पहिलं, रिजेक्शनचा डबा. तो भंगारात द्यायच्या आधी टेबलावर ओता आणि सारखे दिसणारे पार्ट एकत्र करा, कोपरे उचललेले एका बाजूला, लेअरवर तुटलेले एका बाजूला, भोकं लहान आलेले, सपोर्ट (प्रिंट करताना खाली दिलेला तात्पुरता आधार) काढताना फुटलेले. तासाभरात तुम्हाला दिसेल की नव्वद प्रकारच्या चुका नाहीयेत, पाच-सहाच आहेत आणि त्याच परत परत होतायत. दुसरं ते व्हॉट्सॲप ग्रुप, चॅट एक्स्पोर्ट करून "टाइट", "लूज", "तुटलं", "उचललं" असे शब्द शोधा. आपली माणसं "डायमेन्शनल डेव्हिएशन" कधीच लिहीत नाहीत, "बसत नाहीये" लिहितात, तोच शब्द शोधायचा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा साठा म्हणजे ऑपरेटर. मशीनवर उभा राहणारा जो दादा आहे त्याला ज्या गोष्टी माहिती असतात त्यातल्या निम्म्या डिझाइनरला कधी कळतच नाहीत, कारण तो फाइल आली की गुपचूप स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून मशीनला देणारं सॉफ्टवेअर) सुधारून घेतो, पार्ट फिरवतो, ब्रिम (कडेभोवती प्लेटला धरून ठेवणारी पातळ झालर) लावतो, भोक नंतर ड्रिलने मोकळं करतो, आणि डिझाइनरला वाटतं आपलं डिझाइन मस्त आहे. त्याला "तुमचे डिझाइन नियम सांगा" असं विचारलंत तर तो "तसं काही नाही सर" म्हणेल. त्यापेक्षा त्याच्यासमोर गेल्या महिन्यातल्या फाइली उघडा आणि विचारा, "ही आली तेव्हा तू काय काय बदललंस? का? ही बघून पहिल्यांदा डोक्यात काय आलं?" आणि तो बोलेल तसं त्याच्याच शब्दात लिहा, नंतर सावकाश नीट करता येतं. आणि नियमासमोर त्याचं नाव टाका हो, ज्याने सांगितलं त्याचं. यात फक्त मान द्यायचा प्रश्न नाही, पुढे शंका आली तर विचारायचं कुणाला हेही त्यातच येतं.

एक नोंद कशी दिसावी

एका उदाहरणावरून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, उचलून वापरू नका, तुमच्या मशीनवर वेगळे येतील.

नियम: भोक-०७
फीचर: उभं भोक, ३ ते १० मिमी, पिन हाताने सरकली पाहिजे
काय करायचं: मॉडेलमध्ये व्यास पिनपेक्षा ०.३ मिमी मोठा
कुठे चालतं: एफडीएम, ०.४ नोझल, ०.२ लेअर, पीईटीजी, भोकाचा अक्ष झेडमध्ये (लेअर चढतात त्या दिशेत)
कुठे चालत नाही: आडवं भोक, प्रेस फिट, ०.६ नोझल, एबीएस
का: गोल कडेवर ओतताना प्लास्टिक आत ओढलं जातं, शिवाय एसटीएल फाइलमध्ये वर्तुळ म्हणजे सरळ तुकडे असतात आणि भोकाच्या बाबतीत ते तुकडे वर्तुळाच्या आत पडतात
पुरावा: कूपन (चाचणीची छोटी पट्टी), पिन गेजने (नेमक्या व्यासाच्या पिना) मोजलं, कपाट खण २
खात्री: मोजलं
चुकलं तर: घट्ट आलं तर रीमर मारता येतो, ढिलं आलं तर पार्ट गेला, म्हणून शंका असेल तर घट्टच ठेवा

यातल्या तीन रकान्यांबद्दल जरा बोलतो, कारण लोक नेमके तेच गाळतात.

"कुठे चालत नाही". हा रकाना भरायला कंटाळा येतो पण सगळं नुकसान इथेच वाचतं. नियम चुकीचा असल्यामुळे पार्ट क्वचितच बिघडतो, बरोबर असलेला नियम भलत्या जागी लावल्यामुळे जास्त बिघडतो.

"खात्री". तीनच पायऱ्या ठेवा, "ऐकलं", "एकदा दिसलं", "मोजलं". टक्केवारी, पाचपैकी स्टार असलं काही नको, कुणी भरत नाही. आणि "ऐकलं" वाला नियम टाकायला लाज वाटून घेऊ नका, तो शीटमध्ये असलेला बरा, फक्त कपडे "मोजलं" चे घालून फिरायला नको.

"चुकलं तर" हा मात्र माझा लाडका रकाना आहे, कारण डिझाइनरला खरं तर आकड्यापेक्षा चूक कुठल्या बाजूला परवडते ते हवं असतं. भोकाचं वर सांगितलंच. नट ट्रॅपचं (नट बसवायच्या खाचेचं) पण तसंच, एम३ चा नट फ्लॅटवर ५.५ मिमी असतो, खाच थोडी घट्ट झाली तर नट बोल्टने ओढून बसवता येतो, पण ढिली झाली तर नट आतल्या आत फिरत राहतो आणि मग बोल्ट ना आत ना बाहेर. ड्रिल गाइडमधल्या स्टीलच्या बुशचं मात्र उलट, तिथे घट्ट केलं तर दाबताना प्लास्टिक लेअरवर उकलतं आणि ढिलं केलं तर ॲरल्डाइटने चिकटवून वेळ मारून नेता येते. म्हणजे तीन भोकं, पण कल एकच नाही, आणि हे कुठल्याही तयार चार्टमध्ये मिळत नाही.

लावायचं कसं: मशीनप्रमाणे नाही, फीचरप्रमाणे

पहिल्यांदा शीट बनवणारा प्रत्येकजण मशीनप्रमाणे टॅब करतो, एक टॅब या प्रिंटरचा, एक त्याचा. दिसायला छान पण डिझाइनर असा विचार करत नाही. तो स्क्रीनवर भोक काढत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात "भोक" असतं. म्हणून टॅब असे: भोकं, वॉल आणि रिब, कोपरे आणि कडा, क्लिप आणि हिंज, आटे-नट-इन्सर्ट, सरकते आणि दाबून बसणारे फिट, मोठ्या सपाट बाजू, अक्षरं आणि नंबर. मशीन आणि मटेरियल हे फिल्टर मारायचे रकाने.

अपवाद एकच आणि तो म्हणजे ओरिएंटेशन, म्हणजे पार्ट प्लेटवर कसा ठेवायचा ते, त्याला स्वतंत्र पान द्या आणि ते सगळ्यात वर ठेवा. कारण बाकीचे सगळे नियम त्यावर टांगलेले आहेत. एकाच पार्टमध्ये क्लिपला झोपायचंय, बेअरिंगच्या भोकाला उभं राहायचंय आणि समोरची दिसणारी बाजू प्लेटवर नको आहे, असं होतंच. मग नियमांचं भांडण लागतं आणि ते कुणी मिटवायचं हे आधी लिहिलेलं नसेल तर जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं होतं. आमच्या मते क्रम असा असावा: आधी ताकद, म्हणजे लोड येतो ती दिशा लेअरच्या जोडावर पडणार नाही हे बघायचं. मग फिट, म्हणजे मोजमाप महत्त्वाचं असलेली भोकं उभी. मग सपोर्ट कुठे लागतोय आणि तो काढायला हात जातोय का. दिसणं सगळ्यात शेवटी, जिग कोण बघतंय. ग्राहकाला दाखवायचा प्रोटोटाइप असेल तर हा क्रम उलटा होईल, पण मग तसं पानावर लिहा. आणि काही जमेचना तर पार्टचे दोन तुकडे करून बोल्टने जोडा, हा पर्यायसुद्धा त्या पानावर असू दे, कारण "एकाच पीसमध्ये प्रिंट होतंय" या मोहात लोक तो विसरतात.

ओरिएंटेशन लिहायचं कसं? "आडवा", "उभा", "तिरका" हे शब्द दोन माणसांत दोन अर्थाने चालतात. यासाठी एक तयार पद्धत आहे, आयएसओ/एएसटीएम ५२९२१ या मानकात, झेड म्हणजे लेअर चढतात ती दिशा, एक्स म्हणजे मशीनच्या समोरच्या बाजूला समांतर, आणि पार्टची सगळ्यात लांब बाजू ज्या अक्षात ते अक्षर पहिलं, मधली दुसरं, सगळ्यात छोटी तिसरं. म्हणजे एक्स-वाय-झेड म्हटलं की पट्टी प्लेटवर सपाट झोपलेली, झेड-एक्स-वाय म्हटलं की खांबासारखी उभी. तीन अक्षरं, वाद संपला. प्रोसेसची नावंसुद्धा आयएसओ/एएसटीएम ५२९०० या मानकामधल्या सात वर्गांप्रमाणे एकदा ठरवून घ्या, कारण "एसएलएस" (लेझरने पावडर जोडणारी पद्धत) म्हणत लोक मल्टी जेट फ्यूजन या दुसऱ्याच पद्धतीचा पार्ट हातात देतात आणि दोन्ही पावडर बेडच्याच घरातले असले तरी नियम सरसकट सारखे नसतात.

कूपन छापा, पण एकच मोठा नको

नेटवर सगळं एकत्र असलेले टॉर्चर टेस्ट मिळतात, ओव्हरहँग, ब्रिज (दोन टोकांमध्ये हवेत टाकलेला भाग), भोकं, टॉवर सगळं एकाच वस्तूत. मशीन चाचपून बघायला चांगले, नियम काढायला निरुपयोगी. एका प्रश्नाला एक छोटी पट्टी करा जी अर्ध्या-पाऊण तासात निघेल. भोकांची पट्टी म्हणजे ३, ४, ५, ६, ८, १० ची भोकं, एकदा उभी आणि एकदा आडवी. फिटची पट्टी म्हणजे एकच पिन आणि तिच्यासाठी ०.१ पासून ०.५ पर्यंत मोकळीक वाढत जाणारी भोकं. इन्सर्टची पट्टी म्हणजे तुमच्या दुकानातून आलेल्या इन्सर्टसाठी ०.१ च्या पायरीने वाढणारी भोकं, सोल्डरिंग आयर्नने इन्सर्ट बसवा, मग बोल्ट लावून ओढून बघा कुठला उपटतो आणि कुठला बसवतानाच प्लास्टिक बाहेर फुगवतो.

मोजताना लहान भोकं व्हर्नियरने मोजू नका. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट जाडी असते, त्यामुळे लहान भोक आहे त्याहून लहान दिसतं. पिन गेज वापरा, नसतील तर ड्रिल बिटच्या मागच्या टोकाने निदान जातं-नाही जातं तरी बघा.

कूपनवरच नंबर प्रिंट करा, तारीख, मटेरियल, नोझल, आणि कपाटात ठेवा. हे कपाट म्हणजे शीटचा अर्धा भाग समजा. नवीन पोरगं आलं की त्याला शीट वाचायला देऊ नका, कपाटासमोर उभं करा, झेडमध्ये प्रिंट केलेली क्लिप हाताने तोडायला लावा आणि मग झोपवून केलेली वाकवायला लावा. लेअरची दिशा काय चीज आहे हे समजावून सांगायची गरजच उरत नाही.

एक गोष्ट आपल्या हवेची. नायलॉन पाणी पितो हे सगळ्यांना माहितीये, पीईटीजीसुद्धा पावसाळ्यात बरंच ओलं होतं, आणि मग तार सुटते, पृष्ठभागावर फोड येतात, ताकद कमी होते. जुलैत काढलेला नियम आणि एप्रिलमध्ये काढलेला नियम जुळत नसेल तर मशीनला शिव्या घालण्याआधी रीळ कोरडं होतं का हे नोंदीत आहे का बघा. म्हणून "रीळ वाळवलं होतं का" असा एक हो-नाही रकाना टाकाच. तसंच उन्हाचं. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, पीईटीजी ८० च्या आसपास, एबीएस १०० च्या वर. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पीएलएचं फिक्श्चर ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा आकार बदललेला असू शकतो. शिवाय पीएलए सतत दाबाखाली हळूहळू बसतो, बोल्ट आज टाइट केला तरी काही आठवड्यांनी ढिला लागतो. हे मटेरियलचे नियम आहेत, फीचरचे नाहीत, त्यांना मटेरियलच्या पानावर टाका आणि "कुठे वापरू नये" ही ओळ सगळ्यात वर, ठळक.

नियम शीटमध्ये कुजू नये म्हणून

खरं सांगायचं तर शीट कोणी उघडत नाही. पहिले दोन आठवडे उघडतात. म्हणून "मोजलं" पायरीला पोचलेला प्रत्येक नियम जिथे काम चालतं तिथे ढकलायचा.

कॅडमध्ये एक टेम्प्लेट फाइल करा आणि त्यात पॅरामीटर नावाने भरा, "सरकता_फिट", "दाबून_फिट", "एम३_इन्सर्ट", "एम३_नट_खाच", "लाइन_रुंदी", "लेअर". फ्यूजनमध्ये यूझर पॅरामीटर असतात, फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट असते, सॉलिडवर्क्समध्ये ग्लोबल व्हेरिएबल, कुठेही जमतं. मग वॉलची जाडी लिहिताना २ मिमी असं न लिहिता "४ × लाइन_रुंदी" असं लिहायचं, म्हणजे वॉल पूर्ण ओळींत बसते, मध्ये पोकळ फट राहत नाही, आणि नोझल बदललं की एक आकडा बदलून सगळी मॉडेलं ताळ्यावर येतात. जमलं तर तयार फीचर पण ठेवा: वरून थेंबासारखं टोक असलेलं आडवं भोक, खालच्या कडेला ०.५ चा चॅम्फर म्हणजे पहिला लेअर पसरून कड बाहेर येते ती खपून जाते, आणि काउंटरबोअर खालच्या तोंडाने असेल तर मधलं भोक झाकणारा एक लेअरचा पडदा जो नंतर ड्रिलने फोडायचा. खालच्या कडेला फिलेट नाही, चॅम्फर, हे तर टेम्प्लेटमध्ये मोठ्या अक्षरात लिहा, कारण फिलेटची सुरुवात प्लेटला जवळजवळ समांतर होते आणि तिथे लेअर हवेत लटकतात. मशीनिंगमधून आलेले लोक हे हमखास करतात, वर्षानुवर्षांची सवय.

फाइलचं पण ठरवा. एसटीएल फॉरमॅट १९८० च्या दशकातला आहे, त्यात फक्त त्रिकोण असतात, मिमी की इंच हेसुद्धा त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे "पार्टची फाइल" म्हणून नुसती एसटीएल ठेवणं म्हणजे ज्ञान फेकून देणं. स्टेप फाइल (कॅडचं मॉडेल जसंच्या तसं ठेवणारी) ठेवा मॉडेलसाठी, आणि स्लायसरचा प्रोजेक्ट थ्रीएमएफ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, त्यात एकक असतं आणि प्रुसास्लायसर, ऑर्का, बाम्बू स्टुडिओ असे स्लायसर आपापली सेटिंग, पार्ट कसा ठेवला होता, सपोर्ट कुठे रंगवला होता हे सगळं त्याच फाइलमध्ये ठेवतात. ऑपरेटर दादाने गुपचूप केलेली सुधारणा त्या फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते. फाइलच्या नावात पार्ट नंबर आणि रिव्हिजन, आणि "फायनल", "फायनल२", "खरंच_फायनल" वर बंदी.

ड्रॉइंगवर एक छोटा चौकोन ठेवा, प्रिंटची दिशा, मटेरियल, आणि कुठले नियम वापरले त्यांचे नंबर, भोक-०७, क्लिप-०२ असे. पार्ट बिघडला की कुठला नियम तपासायचा ते तिथेच दिसतं. आणि उलटंही, नियम बदलला की तो नंबर कुठल्या ड्रॉइंगवर आहे शोधून तेवढेच पार्ट बघायचे.

बाहेरून करून घेता तेव्हा

नायलॉन पावडर आणि मेटलच्या बाबतीत मशीन आपलं नाही, म्हणून आपले आकडे कमी आणि आपले प्रश्न जास्त ठेवायचे. पावडर नायलॉनला सपोर्ट लागत नाही, इथे एफडीएमचे ओव्हरहँगचे नियम घेऊन गेलात तर उगाच डिझाइन बांधून टाकाल, पण पोकळ जागेतून पावडर बाहेर यायला भोक लागतं, आणि हलणाऱ्या भागांत फट कमी ठेवली तर ते एकमेकांना चिकटून येतात. रेझिनमध्ये (द्रव प्लास्टिक प्रकाशाने घट्ट करून होणारी प्रिंट) पोकळ पार्टला निचऱ्याचं भोक नसेल तर आत रेझिन अडकतं आणि कपासारखा आकार प्रत्येक लेअरला सक्शन धरतो. मेटल पावडर बेडमध्ये सगळ्यात मोठी डोकेदुखी उष्णतेचा ताण, त्यासाठी प्लेटवरून कापायच्या आधी स्ट्रेस रिलीफ करतात (भट्टीत तापवून तो ताण काढतात), आणि जिथे नंतर मशीनिंग करायचंय तिथे मटेरियल जास्त सोडावं लागतं, पण किती सोडायचं ते व्हेंडरनिहाय. म्हणून व्हेंडरचं एक पान, कोटेशन मागताना विचारायचे प्रश्न त्यावर, आणि पार्ट आला की मोजून त्याची उत्तरं समोर. व्हेंडरने सांगितलेलं एका रकान्यात आणि आपण मोजलेलं शेजारच्या रकान्यात, बाकी काही बोलायला लागत नाही.

मेटलमध्ये अजून एक प्रकारचं ज्ञान असतं जे आकड्यात बसतच नाही, ते म्हणजे कुठले पार्ट एकत्र केले आणि का. इस्रोचं पीएस४ इंजिन घ्या, पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं. त्याची प्रिंट करून बनवलेली आवृत्ती ९ मे २०२४ ला ६६५ सेकंद चालवून तपासली. १४ भागांचा एक तुकडा केला, १९ वेल्ड गेले, आणि जिथे फोर्जिंग आणि शीट मिळून ५६५ किलो माल लागायचा तिथे १३.७ किलो पावडर लागली. बातमी वाचून आपण म्हणतो वा, आपण पण एकत्र करू. पण प्रत्येक जोड काढला की त्याबरोबर तिथे डोळ्याने बघायची, गेज घालायची, एकच भाग बदलायची सोय पण जाते. फिक्श्चरमध्ये हे फार लागतं, कारण झिजणारा पॅड बॉडीत एकत्र करून टाकलात तर पॅड झिजल्यावर अख्खी बॉडी परत छापायची. म्हणून "एकत्र केलं / वेगळं ठेवलं" अशी एक निर्णयांची वही ठेवा, दोन-तीन ओळी पुरे: काय मिळालं, काय सोडलं, कुणी ठरवलं. वेगळं ठेवल्याची नोंद जास्त महत्त्वाची, कारण दर सहा महिन्यांनी कुणीतरी उत्साही माणूस येऊन विचारणारच, "हे एकाच पीसमध्ये का नाही करत?"

देखभाल

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आढावा वगैरे ठरवू नका, कुणी येत नाही. त्यापेक्षा घटना ठरवा. नोझलचा साइझ बदलला, फिलामेंटचा ब्रँड बदलला (काही वेळा नुसता रंग बदलला तरी फरक पडतो), मशीन हललं किंवा बेल्ट बदलला, स्लायसरचं मोठं अपडेट आलं, की भोकांची आणि फिटची पट्टी परत छापायची. बास. जुळलं तर नोंदीवर नवी तारीख, नाही जुळलं तर जुना नियम खोडायचा नाही, "बंद" असा शिक्का मारून खाली सरकवायचा आणि का बंद झाला ते एका ओळीत लिहायचं. जुन्या पार्टचं ड्रॉइंग त्याच्यावरच उभं असतं.

बदल करायचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा, पण सुचवायचा सगळ्यांना. त्यासाठी फॉर्म-बिर्म नको, मशीनच्या शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. ऑपरेटरने दोन शब्द लिहिले, पार्ट नंबर टाकला, तुटलेला तुकडा डब्यात टाकला, की त्याचं काम संपलं. शीटमध्ये चढवायचं काम ज्याच्याकडे हक्क आहे त्याचं.

आणि सुरुवात छोटी करा. सगळे टॅब आज भरायला बसलात तर दुसऱ्या दिवशी कंटाळाल. रिजेक्शनच्या डब्यात जो ढीग सगळ्यात मोठा निघाला तेवढाच विषय घ्या, बहुतेक वेळा तो भोकांचा किंवा लेअरवर तुटलेल्या क्लिपांचा असतो, त्याची पट्टी आज संध्याकाळी मशीनला लावून घरी जा, उद्या मोजा, आणि पहिली नोंद "चुकलं तर" च्या रकान्यासकट पूर्ण भरा.